मित्रांच्या सहवासात किशोरवयीन मेंदू

पार्सिपनीच्या रस्त्यांवर नंबरपाटीच्या कोपऱ्यात लहानशी लाल, चकाकणारी पट्टी लावलेल्या मोटारी दिसतात. न्यू जर्सीत २१ वर्षांखालील शिकाऊ व तात्पुरत्या परवान्याच्या चालकांना १ मे २०१० पासून ही खूण बंधनकारक झाली. याच मॉरिस परगण्यातील १६ वर्षांची एक विद्यार्थिनी २००६ मध्ये किशोरवयीन चालकाच्या मोटारीतून जाताना अपघातात मरण पावली; ‘कायलीचा कायदा’ हे नाव तिच्यावरून पडले. तात्पुरता परवाना असलेल्या या वयाच्या चालकाला आईवडील सोबत नसल्यास एकच प्रवासी नेता येतो. सख्खे भावंडही त्या एकातच मोजले जाते, हे आपल्या घरांत सहज विसरले जाते.

प्रवाशांच्या संख्येवर एवढा कटाक्ष का, याचे उत्तर शेजारच्या फिलाडेल्फियातील टेंपल विद्यापीठात मिळते. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ दिला. समवयस्क सोबत असताना १३ ते १६ वयोगटाने अधिक धोके पत्करले. २४ वर्षांवरील प्रौढांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये जेसन चाइन व सहकाऱ्यांनी असाच खेळ एमआरआय यंत्रात खेळविला. मित्र शेजारी नव्हते; दुसऱ्या खोलीतून पडद्यावर पाहत होते. तेवढ्यानेही किशोरांच्या मेंदूतील व्हेंट्रल स्ट्रायटम आणि ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे लाभाचे मोल जोखणारे भाग, अधिक सक्रिय झाले.

‘वाईट संगत’ हे आपले नेहमीचे निदान येथे अपुरे पडते. कोणी चिथावणी देण्याची गरज नसते, आणि अज्ञानही कारण नसते: २०१४ मधील एका प्रयोगात हरण्याची शक्यता आधीच सांगितली होती, तरीही अनोळखी समवयस्क पाहत आहे एवढ्या कल्पनेने १५ ते १७ वयाची मुले अधिक जुगार खेळली. त्यामुळे गुणी, अभ्यासू मुलाला हा नियम लागू नाही, असे समजणे धोक्याचे आहे.

ईव्हा टेल्झर यांच्या २०१५ मधील अभ्यासात, मोटारीच्या अशाच खेळात, आई जवळ असताना १४ वर्षांच्या आसपासच्या मुलांनी कमी धोके घेतले. धोका पत्करताना व्हेंट्रल स्ट्रायटमचा प्रतिसादही मंदावला. अर्थात, शुक्रवारी रात्री मित्रांसह निघालेल्या मोटारीत आई नसते.