कात्रजच्या हौदापासून आर.ओ.पर्यंत

गेल्या महिन्यात पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारा एक तरुण आमच्या घरी आला. एका पेल्यात आमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत त्याने विजेच्या कांड्या बुडवल्या. पाच मिनिटांत आमचे पाणी विटकरी झाले. "आजोबा, हे पिता तुम्ही?" सूनबाई घाबरली. खरे तर तो गाळ कांडीच्या लोखंडाचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटते. क्षार काढलेल्या पाण्यातून ती फारशी वाहतच नाही. या परीक्षेत चांगली विहीरसुद्धा नापास होईल!

पुण्याला पाण्याची सोय नवी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून चुनेगच्ची नळातून पाणी शहरात आणले. लोक हौदावरून घागरी भरत. 1879 मध्ये खडकवासल्याचे धरण झाले, पुढे नळ घरात आला. आमच्या वाड्यात नळाच्या तोंडाला फडके बांधलेले असे, पावसाळ्यात तुरटी फिरवायची, पाणी तांब्याच्या हंड्यात. पाणी नितळ दिसले म्हणजे झाले, अशी आमची समजूत.

1981 च्या पावसाळ्यात माझी थोरली वहिनी काविळीने गेली. सातवा महिना होता. वाड्यात आणखी चौघांना कावीळ झाली, ते सगळे उठले. तीच का गेली, हे आम्हाला कोणी सांगू शकले नाही.

उत्तराचा धागा दिल्लीत होता. 1955 च्या पावसाळ्यानंतर यमुनेचा प्रवाह हलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे आले. अधिकाऱ्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. विषमज्वराची साथ आली नाही, जीवाणू मेले होते. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली, आणि गरोदर स्त्रिया अधिक दगावल्या. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर तपासले. 1980 मध्ये त्यांनी दाखवले, की ही कावीळ तोवर माहीत असलेल्या 'ए' किंवा 'बी' प्रकारची नाही. पुढे तिला 'ई' हे नाव मिळाले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत बळी घेऊ शकते. म्हणजे वहिनी गेली तेव्हा, आमच्याच गावात, निम्मे उत्तर तयार होते.

दिल्लीत घाण शुद्धीकरणाच्या आधीच शिरली. आपल्याकडे ती बहुधा नंतर शिरते. पाणी ठरावीक वेळच येते. ते गेले की नळ रिकामा होतो आणि शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढून घेतो. आमच्या वाड्याचा नळ गटारातूनच गेला होता. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जी.बी.एस.चे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय पाण्यावरच गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला.

मग घरी कोणते यंत्र घ्यावे? आधी पाणी कुठले ते पाहा. धरणाचे पाणी सह्याद्रीवरच्या पावसाचे, त्यात क्षार थोडे. तिथे भीती जंतूंची. मेणबत्तीचा फिल्टर गाळ आणि बरेच जीवाणू अडवतो, विषाणूंची खात्री देत नाही. अतिनील किरण दोघांनाही मारतात, मात्र पाणी गढूळ नको. आर.ओ. लागते ते बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याला, जिथे फ्लोराईड, नायट्रेट, आर्सेनिक असेल तिथे. एरवी पेलाभर पाण्यासाठी दोन-तीन पेले मोरीत सोडायचे कशाला? विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आर.ओ.ला मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सरकारला सांगितले होते. आणि इमारतीची जमिनीखालची टाकी कोणी उघडून पाहते का? आमची उघडली, तर झाकणाला चार बोटांची फट होती.

त्या तरुणाला चहा दिला आणि निरोप दिला. अतिनील किरणांचे साधे यंत्र बसवले आहे. सूनबाईला सहावा महिना लागला आहे. तिचे पाणी मात्र मी रोज सकाळी स्वतः खळखळून उकळतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)