औषध तिकडे, माणसं इकडे

गेले पाच महिने आमच्या धायरीच्या घरात संध्याकाळी साडेसातला टीव्ही बंद होतो. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि ताईचा फोन येतो. ताई म्हणजे माझी मोठी चुलत बहीण. सतरा वर्षं झाली तिकडे स्थायिक होऊन. नवरा, मुलगा, घराचं कर्ज, सगळं तिकडेच. फेब्रुवारीत तिला ब्रेस्ट कॅन्सर असल्याचं कळलं. आता दर तीन आठवड्यांनी केमो.

पहिल्याच फोनवर मी शहाणपणा केला. "ताई, सरळ निघून ये. टाटा आहे, पुण्यात चांगले डॉक्टर आहेत, काकू आहे, मऊ भात-मेतकूट आहे. तिकडे कोण आहे तुला?" ती एवढंच म्हणाली, "अरे, तुला वाटतं तितकं सोपं नाहीये ते."

मला जरा रागच आला, खरं सांगायचं तर. माणसाला आजारपणात घरी यावंसं वाटू नये म्हणजे काय? पण राग आला की मी काहीतरी वाचायला घेतो (सवय, दुसरं काय!). तर दोन वीकेंड 'टाटा'चा इतिहास वाचण्यात गेले.

आपण "टाटाला दाखवलंय" असं किती सहज म्हणतो ना? त्या हॉस्पिटलची गोष्ट एका परदेशातल्या आजारपणापासून सुरू होते. मेहेरबाई टाटा या जमशेटजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांच्या पत्नी. त्यांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला. जून १९३१ मध्ये वेल्समधल्या रुथिन इथल्या नर्सिंग होममध्ये त्या गेल्या. मुंबईपासून हजारो मैल दूर.

आता बघा, या घराला पैशाची काय कमी? दोराबजींनी पत्नीसाठी २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा घेतला होता. कोहिनूरपेक्षा मोठा. १९२४ मध्ये पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा तोच हिरा गहाण ठेवला गेला होता. पैसा होता, युरोपातले डॉक्टर होते, नव्हतं ते औषध! ल्युकेमियाला तेव्हा क्ष-किरण आणि सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची औषधं, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. त्यानं थोडे दिवस बरं वाटायचं, इतकंच.

दोराबजींनी काय केलं? १९३२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पत्नीच्या नावाने ट्रस्ट काढला आणि त्याच्या उत्पन्नातले पाचपैकी चार भाग जगभरातल्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी राखून ठेवले. भारतातल्याच नाही, कुठल्याही देशातल्या संशोधकाला ते मिळू शकत होते. मग ते युरोपला निघाले आणि जूनमध्ये जर्मनीत बाट किसिंगेन इथे त्यांचाही अंत झाला. दोघांचं स्मारक आज इंग्लंडमध्ये ब्रूकवूडच्या दफनभूमीत आहे. हिरा पुढे १९३७ मध्ये विकला गेला, पैसे दोराबजींच्या ट्रस्टकडे आले. त्याच ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं टाटा मेमोरिअल हॉस्पिटल उघडलं.

ल्युकेमियावर औषधाचा पहिला खरा परिणाम दिसला तो त्यानंतर. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये जाहीर केलं की अमिनोप्टेरिन दिल्यावर लहान मुलांमधला आजार काही काळ मागे हटतो. ते औषध तयार केलं होतं येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या माणसाच्या टीमनं. सुब्बाराव १९२३ मध्ये अमेरिकेत गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची लेडर्ले कंपनीची लॅब होती पर्ल रिव्हरला, ताई राहते त्या न्यू जर्सीच्या हद्दीला अगदी लागून. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "बघ, आम्ही न परतलेलेही काही उपयोगाचे असतो!"

आता उलटी गोष्ट, आपल्या पुण्याची. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ. हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनला. वडिलांना वाटत होतं मुलीनं डॉक्टर व्हावं, या वळल्या जीवशास्त्राकडे. लग्नानंतर मुंबईत आल्यावर त्या टाटा मेमोरिअलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. डॉ. कमल रणदिवे! (२०२१ मध्ये गूगलनं त्यांचं डूडल केलं होतं, आठवतंय?) खानोलकरांच्या सांगण्यावरून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकायला गेल्या, म्हणजे शरीराबाहेर काचेत पेशी वाढवायला. याच लॅबमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या, त्यांना न विचारताच. त्या हेला पेशी आजही जगभर वापरात आहेत.

रणदिवे परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. त्यांच्या कामाचा एक मोठा विषय कुठला, माहितेय? स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता. ताईच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत जो प्रश्न विचारला ("आई, मावशी, आजी, कुणाला होता का?") तो याच धाग्यातला.

म्हणजे मेहेरबाईंना जी निवड मिळालीच नाही, ती माझ्या बहिणीला मिळाली. तिकडेही उपचार, इकडेही उपचार. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरिअल यांनी मिळून केलेली, रक्ताच्या काही कॅन्सरांवरची कार-टी सेल थेरपीसुद्धा एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे आहे. मग अडतं कुठे?

अडतं ते कागदांत आणि माणसांत. ताईनं मग एका रविवारी मला सगळा हिशोब सांगितला. इन्शुरन्स नोकरीला बांधलेला, नोकरी सोडली की तोही गेला. अमेरिकेतल्या १९९३ च्या कायद्यानं आजारपणासाठी बारा आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी. ती तिनं केमोच्या दिवसांपुरती तुकड्यातुकड्यानं घेतलीय. मुलगा अकरावीत. उपचार अर्धे झालेले, मध्येच डॉक्टर बदलायचे नाहीत. "आणि घरी ये म्हणतोस," ती म्हणाली, "सतरा वर्षांनी माझं घर कुठलं रे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके दिवस मी तिला जे "घर" सांगत होतो, ते माझं होतं.

तेव्हा आता ती येणार नाही, काकू जाणार. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं, तेवढ्यात केमो आणि रेडिएशन दोन्ही उरकावं. काकूनं आयुष्यात एकटीनं विमानप्रवास केलेला नाही. काका गुडघ्यामुळे इथेच थांबणार, त्यांचं जेवण आमच्याकडे. मी काकूसाठी मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठी केलीय: कुठे उतरायचं, कुठली रांग, कुणाला काय सांगायचं. बॅगेत मेतकूट आहे. कस्टमवाले काय म्हणतील ते बघू.

मी "ये" म्हणायचं बंद केलंय. रोज साडेसातला फक्त विचारतो, आज काय खाल्लंस?

असो. वाजलेच बघा.