शेतकरी कामगार पक्ष (नांदेड–लातूर परिसर)

शेतकरी कामगार पक्ष (संक्षेप : शेकाप) हा महाराष्ट्रातील डाव्या विचारांचा प्रादेशिक पक्ष. लेखी भूमिकेत मार्क्सवादी असलेला हा पक्ष प्रत्यक्ष व्यवहारात संसदीय मार्ग, सहकार, शेतमालाचा भाव आणि ग्रामीण शिक्षण यांवर भर देत राहिल्याने मध्यम-डाव्या पक्षांच्या जवळ जातो. त्याच्या इतिहासात कुलाबा (आजचा रायगड), सोलापूर व कोल्हापूर यांची चर्चा अधिक होत असली, तरी नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या पट्ट्याचा वाटाही मोठा आहे.

सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीतून काँग्रेसमध्ये आलेले केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी नेते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तेथे अस्वस्थ होते. त्यांनी १९४६ मध्ये काँग्रेसअंतर्गत शेतकरी कामगार संघ उभा केला आणि १९४७ मध्ये त्यातूनच स्वतंत्र पक्ष आकाराला आला. नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे १९५० मध्ये स्वीकारलेला ‘दाभाडी प्रबंध’ हा पक्षाचा मूलभूत वैचारिक दस्तऐवज असून, त्यात मार्क्सवाद-लेनिनवाद ही पक्षाची तात्त्विक बैठक ठरविण्यात आली. तात्त्विक आणि संघटनात्मक वादांतून पुढे फाटाफूट झाली. दत्ता देशमुख व त्यांचे सहकारी बाहेर पडले, क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले, तर जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. पक्षाच्या नावातच एक ताण आहे : जमीन कसणारा मालक-शेतकरी आणि त्याच्याच बांधावर रोजंदारी करणारा शेतमजूर यांचे हित नेहमी एक नसते. हा ताण प्रबंधाने मांडला असला, तरी गावपातळीवर तो पुरता सुटला असे म्हणता येत नाही.

मराठवाड्यातील शेकापची जडणघडण वेगळ्या परिस्थितीत झाली. हा प्रदेश हैदराबाद संस्थानाचा भाग होता. निजामी राजवट, जहागिरी, कुळांची असुरक्षितता आणि सक्तीची धान्य लेव्ही, म्हणजे पिकाचा ठराविक हिस्सा सरकारने ठरविलेल्या दराने देण्याची सक्ती, हे येथील कुणब्याचे रोजचे प्रश्न होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर या प्रश्नांना राजकीय वाट मिळाली. हैदराबाद विधानसभेच्या १९५२ च्या निवडणुकीत पक्षाला १० जागा मिळाल्या आणि परभणीतून नारायणराव वाघमारे लोकसभेवर गेले. पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीतील घटक पक्ष म्हणून शेकापने भाषिक राज्याची मागणी लावून धरली.

नांदेड जिल्ह्यातील, मन्याड नदीच्या खोऱ्यातील कंधार हा या भागातील शेकापचा गड. पक्षात कार्यकर्त्याला ‘भाई’ म्हणण्याची रीत असल्याने भाई केशवराव धोंडगे (१९२२–२०२३) याच नावाने ओळखले जाणारे कंधारचे नेते पाच वेळा विधानसभेवर आणि एकदा लोकसभेवर निवडून आले. ‘मन्याडचा वाघ’ ही त्यांची उपाधी सभागृहातील त्यांच्या आक्रमक भाषणांशी जोडली जाते. मात्र त्यांचे अधिक टिकाऊ काम शिक्षण संस्था, ‘जयक्रांती’ हे साप्ताहिक आणि गुराख्यांसाठी भरविलेली साहित्य संमेलने यांत आहे. गुरे वळणाऱ्यांना व्यासपीठावर आणणारी ही संमेलने सत्यशोधक वारशाचा थेट विस्तार होती, आणि पक्षाची विचारसरणी प्रबंधापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसते. त्यांचे निकटचे सहकारी गुरुनाथ कुरुडे हेही पक्षाचे आमदार होते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा होण्यापूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या उस्मानाबाद जिल्ह्यात उद्धवराव पाटील हे पक्षाचे प्रमुख नेते होते.

आणीबाणीनंतरची १९७७ ची लोकसभा निवडणूक हा पक्षाच्या यशाचा कळस ठरला. निवडून आलेल्या पाच खासदारांपैकी नांदेडचे धोंडगे, लातूरचे उद्धवराव पाटील आणि परभणीचे शेषराव देशमुख असे तिघे मराठवाड्यातील होते. पुढच्या वर्षी शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात पक्ष सहभागी झाला. १९८० मध्ये मात्र नांदेडमधून शंकरराव चव्हाण व लातूरमधून शिवराज पाटील हे काँग्रेसचे उमेदवार विजयी झाले.

पक्षाच्या या ओहोटीची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. यशवंतराव चव्हाणांचे ‘बेरजेचे राजकारण’, म्हणजे विरोधकांतील कर्तबगार माणसे काँग्रेसमध्ये सामावून घेण्याचे धोरण, आणि सहकारी संस्थांतून मिळणारी सत्ता यांनी पक्षाचा सामाजिक पाया पोखरला. १९८० च्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतमालाच्या भावाचा प्रश्न आपलासा केला, तर मराठवाड्यातील तरुण वर्गाला शिवसेनेने आपल्याकडे खेचून घेतले. शेकापची संघटना व्यक्तींभोवती उभी असल्याने नेत्याच्या वयाबरोबर तालुकाही थकत गेला.

या ओहोटीनंतरही, लातूर लोकसभा मतदारसंघात समाविष्ट असलेल्या, परंतु नांदेड जिल्ह्यात मोडणाऱ्या लोहा (लोहा–कंधार) विधानसभा मतदारसंघातून २०१९ मध्ये माजी सनदी अधिकारी श्यामसुंदर शिंदे शेकापच्या चिन्हावर निवडून आले. त्या विधानसभेतील ते पक्षाचे एकमेव आमदार होते. २०२४ मध्ये ही जागा राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेली.