हौशी मुष्टियुद्धाची कॅनडातील शंभर वर्षे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी या शाळेत इतिहास आणि व्यायाम हे दोन्ही विषय शिकवले. व्याख्यानमालेत इतिहासावर पुष्कळ बोलले गेले आहे. व्यायामाच्या इतिहासावर मात्र क्वचितच. ती उणीव अल्पशी भरून काढावी, या हेतूने मी आजचा विषय निवडला. कॅनडा म्हटले की आपल्याला बर्फ आठवतो, आइस हॉकी आठवते आणि अलीकडे तिकडे शिकायला गेलेली आपल्याच घरांतील मुले आठवतात. मुष्टियुद्ध काही आठवत नाही. तथापि त्या देशातील हौशी मुष्टियुद्धाची कहाणी पाहिली, तर खेळाडू आणि त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्था यांच्यातील देण्याघेण्याचा हिशेब इतका स्पष्ट क्वचितच दिसतो. तो हिशेब आपल्यापुढे मांडावा, एवढाच माझा प्रयत्न आहे.

प्रथम ‘हौशी’ या शब्दाचा विचार करू. आपल्याकडे हौशी म्हणजे केवळ आवडीखातर, मोबदल्याची अपेक्षा न धरता करणारा. कॅनडात या शब्दाला कायद्याचे वजन होते. तेथील फौजदारी संहितेने बक्षिसासाठी ठरवून केलेली मुष्टियुद्धे हा गुन्हा मानला. दोन हौशी खेळाडू प्रत्येकी किमान १४० ग्रॅम वजनाचे हातमोजे घालून लढत असतील, तर मात्र तो गुन्हा ठरत नसे. २०१३ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. पण त्यापूर्वीची कित्येक दशके एकच कृती एका अंगणात खेळ आणि दुसऱ्या अंगणात अपराध ठरू शकत होती. पुढे १९६१ मध्ये संसदेने शारीरिक सुदृढता आणि हौशी क्रीडा यांविषयी कायदा केला आणि हौशी खेळाला साहाय्य करणे हे शासनाचे काम ठरले. २००३ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, त्याच्या नावात ‘हौशी’ हा शब्द उरला नाही. राष्ट्रीय संघटनेच्या नावातूनही तो गळाला आणि ती ‘बॉक्सिंग कॅनडा’ झाली. शब्द गेला, परंतु दिवसा नोकरी किंवा शिक्षण आणि संध्याकाळी सराव, ही बहुसंख्य खेळाडूंची स्थिती काही पालटली नाही.

आता पदकांचा तक्ता पाहू. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकपर्यंत कॅनडाने मुष्टियुद्धात एकूण १८ पदके मिळवली: ३ सुवर्ण, ७ रौप्य आणि ८ कांस्य. पहिली पाच पदके १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमधली. महायुद्ध नुकतेच संपले होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे जन्मलेल्या बर्ट श्नायडरने वेल्टरवेट गटात कॅनडासाठी सुवर्णपदक जिंकले. १९२४ आणि १९२८ मध्ये एकेक कांस्यपदक आले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला टोरोंटोच्या होरेस ग्विनने बँटमवेट गटात सुवर्णपदक मिळवले. त्याला सारे ‘लेफ्टी’ म्हणत. त्यानंतर या तक्त्यात एकदम १९८४ साल येते. मधली ५२ वर्षे रिकामी आहेत. १९७६ चे ऑलिम्पिक कॅनडाच्याच माँट्रियल शहरात भरले, तरी घरच्या प्रेक्षकांसमोरही मुष्टियुद्धाचे पदक मिळाले नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तक्त्यातील या रिकाम्या जागा भरलेल्या जागांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात. १९५२ पासून सोव्हिएत संघ ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि पुढे क्यूबाही मुष्टियुद्धातील मोठी सत्ता बनला. या देशांतील खेळाडू नावाने हौशी असत. प्रत्यक्षात त्यांचा चरितार्थ, सराव आणि प्रवास यांचा भार शासन वाहत असे. दिवसभर काम करून आलेला कॅनडाचा तरुण त्यांच्यासमोर उभा राही. नियमपुस्तकात दोघांनाही एकच नाव होते, पण दोघांच्या दिवसाचे तास सारखे नव्हते.

असे असूनही १९८४ ते १९९६ या चार ऑलिम्पिकमध्ये कॅनडाने नऊ पदके मिळवली, म्हणजे सबंध इतिहासातील निम्मी. १९८४ मध्ये शॉन ओ’सुलिव्हन आणि विली डिविट यांनी रौप्य, तर डेल वॉल्टर्सने कांस्यपदक मिळवले. त्या वर्षी सोव्हिएत संघ आणि क्यूबा यांचा बहिष्कार होता, हे सांगितलेच पाहिजे. पण १९८८ मध्ये सोलला क्यूबाचा बहिष्कार असला, तरी तो १९८४ इतका व्यापक नव्हता. सोव्हिएत संघ तेथे होता आणि अमेरिकाही होती. तेथे लेनॉक्स लुईसने अमेरिकेच्या रिडिक बोला हरवून सुपर हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकले. एगर्टन मार्कसला रौप्य आणि रे डाउनीला कांस्यपदक मिळाले. १९९२ मध्ये मार्क लेडूकला रौप्य व ख्रिस जॉन्सनला कांस्य, आणि १९९६ मध्ये डेव्हिड डिफियाग्बोनला रौप्यपदक मिळाले.

ही माणसे आली कोठून, हे पाहिले की मला या इतिहासाचे मर्म सापडते. लुईसचा जन्म लंडनचा. बाराव्या वर्षी तो आईजवळ ओंटारिओतील किचनर या औद्योगिक गावी आला. तेथे पोलिसांच्या मुष्टियुद्ध क्लबात आर्नी बोएम नावाच्या प्रशिक्षकाने त्याला घडवले. १९८४ मध्ये तो उपांत्यपूर्व फेरीत हरला. तेव्हाच व्यावसायिक होऊन पैसा मिळवणे त्याला शक्य होते. तरीही तो आणखी चार वर्षे हौशी राहिला आणि सुवर्णपदक घेऊनच थांबला. मार्कस गयानात जन्मला होता, जॉन्सन जमैकात. डिफियाग्बोन नायजेरियाकडून १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आणि १९९२ चे ऑलिम्पिक खेळून मग हॅलिफॅक्सला स्थायिक झाला. लेडूक सशस्त्र चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला होता आणि तेथेच मुष्टियुद्धाकडे वळला. पुढे आपण समलिंगी असल्याचे त्याने जाहीरपणे सांगितले. त्या खेळाच्या रांगड्या जगात याला रिंगणातील धैर्याहून निराळे धैर्य लागले असणार. रे डाउनी हा हॅलिफॅक्सच्या मुष्टियोद्ध्यांच्या घराण्यातला. त्याच हॅलिफॅक्सच्या आफ्रिकव्हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जॉर्ज डिक्सन जन्मला होता. मुष्टियुद्धातील जगज्जेता ठरलेला तो पहिला कृष्णवर्णीय होय.

पोलीस ठाण्याचा क्लब, तुरुंग, बंदराची वस्ती, नुकताच देशात आलेला परका तरुण: नऊ पदकांचा उगम बव्हंशी असल्या ठिकाणी आहे. कोणत्याही राष्ट्रीय योजनेने त्यांना शोधून काढले नव्हते. कोणी तरी एका खोलीत दोर बांधले, वाळूची पिशवी टांगली आणि रोज संध्याकाळी दार उघडे ठेवले, म्हणून ती मुले आत आली. बेळगावकरांना तालीम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आपले पूर्वजही एके काळी या भूमीत नवखे होते. नवख्या माणसाला आत घेणाऱ्या जागेचे मोल आपण जाणतो.

१९९६ नंतर पुन्हा अंधार झाला आणि तो २८ वर्षे टिकला. त्याची कारणे अनेक आहेत. १९९२ पासून ऑलिम्पिकसाठी पात्रता स्पर्धा सुरू झाल्या. अमेरिका खंडात क्यूबा व संयुक्त संस्थाने यांच्याशी झुंजून मोजक्या जागा मिळवाव्या लागू लागल्या. सोव्हिएत संघ विघटित झाल्यावर एका बलाढ्य संघाच्या जागी रशिया, युक्रेन, कझाकस्तान, उझबेकिस्तान असे अनेक बलाढ्य संघ उभे राहिले. २००८ मध्ये बीजिंगला कॅनडाचा एकच मुष्टियोद्धा, अ‍ॅडम ट्रुपिश, पात्र ठरला. तो कझाकस्तानच्या ज्या खेळाडूकडून हरला, त्यानेच पुढे त्या गटाचे सुवर्णपदक जिंकले. दुसरीकडे व्यावसायिक रिंगणाची ओढ होतीच. २००४ च्या ऑलिम्पिकमध्ये खेळलेला जाँ पास्काल २००९ मध्ये व्यावसायिक जगज्जेता झाला. त्याला दोष कसा द्यावा? हौसेने पोट भरत नाही.

याहून सूक्ष्म असे एक कारण आहे. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकची तयारी करताना कॅनडात ‘ओन द पोडियम’ ही संस्था निघाली. पदकाची शक्यता जेथे अधिक, तेथे निधी अधिक द्यावा, हे तिचे सूत्र. पुढे ते उन्हाळी खेळांनाही लागू झाले. सूत्र व्यवहाराला धरून आहे, हे मी मान्य करतो. पण त्यात एक फेरा आहे. पदक नाही म्हणून निधी कमी; निधी कमी म्हणून परदेशी सराव व स्पर्धा कमी; आणि स्पर्धा कमी म्हणून पुन्हा पदक नाही. या फेऱ्यात सर्वांत आधी भरडले जाते ते खालच्या पायरीवरचे दार, जेथून लुईस आणि लेडूक आत आले होते.

पुरुषांच्या पदकांचा तक्ता असा रिकामा असताना कॅनडाच्या स्त्रिया जग जिंकत होत्या, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००६ मध्ये आपल्या नवी दिल्लीत महिलांची जागतिक स्पर्धा भरली. मेरी कोमचे सुवर्णपदक आपल्याला आठवते. त्याच स्पर्धेत क्वेबेकच्या आरियान फोर्तँनेही सुवर्णपदक मिळवले. तिची सहकारी, ओजिब्वे या आदिवासी समाजातील मेरी स्पेन्सर, २००५, २००८ आणि २०१० अशी तीनदा जगज्जेती झाली. २०१२ मध्ये लंडनला महिलांच्या मुष्टियुद्धास ऑलिम्पिकचे दार प्रथमच उघडले, तेही केवळ तीन वजनगटांपुरते. परिणामी कॅनडाच्या या दोन जगज्जेत्या एकाच ७५ किलो गटात, एकाच जागेसाठी परस्परांविरुद्ध उभ्या राहिल्या. स्पेन्सर लंडनला गेली. फोर्तँला २०१६ च्या रिओपर्यंत थांबावे लागले.

किचनरच्याच मँडी बुजोल्डचा प्रसंग तर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे. ती आपल्या गटात खंडातील अग्रगण्य खेळाडू होती. २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. पुढे महामारीमुळे अमेरिका खंडाची पात्रता स्पर्धा रद्द झाली आणि टोकियोच्या जागा जुन्या स्पर्धांच्या क्रमवारीवरून ठरल्या. त्या स्पर्धा नेमक्या तिच्या गरोदरपणाच्या व बाळंतपणानंतरच्या काळातल्या होत्या. मातृत्व म्हणजे जणू गैरहजेरी! तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. जून २०२१ मध्ये लवादाने निर्णय दिला की, पात्रतेच्या काळात गरोदर किंवा बाळंत असलेल्या खेळाडूंसाठी नियमांत तरतूद असलीच पाहिजे. टोकियोत बुजोल्ड पहिल्याच लढतीत हरली. पदकांच्या तक्त्यात तिच्या नावाची नोंद नाही. पण तिने मिळवलेला न्याय तिच्यानंतर येणाऱ्या कोणत्याही देशाच्या मुलीच्या कामी येईल.

न्यायाचा प्रश्न घरातही उभा राहिला. मे २०२२ मध्ये शंभराहून अधिक आजी-माजी मुष्टियोद्धे आणि प्रशिक्षकांनी खुले पत्र लिहून राष्ट्रीय संघाच्या व्यवस्थापनातील वातावरण भयाचे आणि विषारी असल्याची तक्रार केली. वरिष्ठ संचालकाने पद सोडले. त्याच महिन्यात इस्तंबूलला टॅमारा तिबो ७५ किलो गटात जगज्जेती झाली. एकाच महिन्यात सर्वोच्च यश आणि सर्वांत मोठी तक्रार समोर यावी, यावरून एवढे तरी समजावे की पदक हा संस्था निरोगी असल्याचा पुरावा नव्हे.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही पडझड चाललीच होती. जागतिक संघटनेची मान्यता ऑलिम्पिक समितीने २०२३ मध्ये काढून घेतली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ असेल की नाही, याचीच शाश्वती राहिली नाही. ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ ही नवी संस्था उभी राहिली आणि मार्च २०२५ मध्ये मुष्टियुद्धाला कार्यक्रमात पुन्हा स्थान मिळाले. मधल्या काळात दोरांच्या आत सराव करणारी सोळा-सतरा वर्षांची मुले नेमक्या कोणत्या ध्येयासाठी घाम गाळत होती, याचे उत्तर कोणाही पदाधिकाऱ्याजवळ नव्हते. तरी ती रोज येत राहिली.

अशाच येत राहणाऱ्यांपैकी एक वायट सॅनफर्ड. नोव्हा स्कोशियातील केनेटकुक हे त्याचे लहानसे खेडे. २०२४ मध्ये पॅरिसला ६३.५ किलो गटात तो उपांत्य फेरीत फ्रान्सच्या सोफियान उमिहाकडून हरला आणि कांस्यपदकाचा मानकरी ठरला. १९९६ नंतरचे कॅनडाचे हे पहिले पदक. त्याच स्पर्धेत जगज्जेती तिबो पहिल्या लढतीत निर्वासितांच्या संघातील सिंडी न्गांबाकडून हरली आणि न्गांबा पुढे त्या संघाची पहिली पदकविजेती झाली. ज्यांना देश नाही, त्यांच्या संघानेही या रिंगणात आपले नाव कोरले.

या शंभर वर्षांवरून मी एकच निष्कर्ष काढतो. हौशी खेळाडू मोबदला मागत नाही, म्हणून त्याचे काही देणे लागत नाही, असे संस्थांना वाटू लागते. वस्तुतः तो आपले शरीर आणि तारुण्याची दहा वर्षे विनामूल्य देतो. त्यामुळेच त्याचे ऋण अधिक असते. ते फेडायचे कसे? निवडीत निःपक्षपातीपणा राखून, दुखापतीत काळजी घेऊन, तक्रार ऐकण्यासाठी कान उघडे ठेवून आणि पदके येवोत वा न येवोत, गावातील दार उघडे ठेवून. गुरुजींनी या शाळेचे मैदान सुट्टीतही कुलूपबंद होऊ दिले नाही, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्या मैदानातून ऑलिम्पिकवीर निघाला नाही. निघावा म्हणून ते उघडे ठेवले होते, असेही नाही.