बोटांना पुरेल एवढी जागा

कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असते. टाइपरायटरच्या काळात हेच अंतर पाऊण इंच म्हणून ओळखले जाई. मी सांगलीत टंकलेखन शिकवते. आधी टाइपरायटरवर शिकवले, आता संगणकावर शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना नोकरी लागली की बहुतेकांची पहिली मोठी खरेदी लॅपटॉपची असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, पर्समध्ये मावेल असा छोटा लॅपटॉप कुठला घेऊ?" मी मॉडेलचे नाव सांगत नाही, कारण वर्ष-दीड वर्षात ते मॉडेल बाजारातून जाते. मी त्यांना छोट्या यंत्रांचा इतिहास सांगते. शंभराहून अधिक वर्षांत यंत्र लहान करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीशी झुंज दिली आहे, आणि ती गोष्ट म्हणजे माणसाचा हात.

सुरुवात लॅपटॉपच्या फार आधी झाली. १९१२ साली अमेरिकेत 'कोरोना ३' हा घडीचा टाइपरायटर आला. त्याचे कॅरेज पुढे कीबोर्डवर दुमडायचे आणि सगळे यंत्र लहानशा पेटीत बसायचे. वजन पावणेतीन किलोच्या आसपास. बातमीदारांनी आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी तो बरोबर बाळगला. पण ही बचत साधायला बटणांच्या चार ओळींऐवजी तीनच ठेवल्या होत्या. एकेका बटणावर तीन-तीन चिन्हे आली आणि शिफ्टही दोन झाल्या, एक मोठ्या अक्षरांसाठी आणि दुसरी आकड्यांसाठी. यंत्राचे ओझे हलके झाले ते असे, टायपिस्टच्या बोटांवर जास्तीचे काम टाकून. पुढे १९२० च्या दशकात कोरोनानेच चार ओळींचा पोर्टेबल टाइपरायटर काढला.

संगणकाच्या बाबतीत पहिली अडचण वेगळी होती. तिथे यंत्रच अवजड होते. १९८१ चा ऑसबोर्न १ 'उचलून नेण्याजोगा' म्हणून विकला गेला, पण वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा आणि आत बॅटरी नाही. झाकण उघडले की तेच कीबोर्ड व्हायचे, आणि तो कीबोर्ड चांगला ऐसपैस होता. पडद्यावर मात्र एका ओळीत ५२ अक्षरेच दिसत, बाकीची ओळ सरकवून पाहावी लागे. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज या रचनाकाराने त्याचा पडदा बिजागरीवर बसवून कीबोर्डवर मिटवला. मॅग्नेशियमचे कवच, वजन पाचेक किलो, किंमत ८ हजार डॉलरच्या वर. अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही तो गेला. आज आपण लॅपटॉप उघडतो ती रीत त्याची.

या पहिल्या पिढीतले माझे आवडते यंत्र मात्र तिसरेच आहे. १९८३ चा टँडी टीआरएस-८० मॉडेल १००. बनवला जपानच्या क्योसेरा कंपनीने. मोठ्या वहीएवढा, वजन दीड किलोच्या आत, आणि साध्या चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालणारा. पडद्यावर ४० अक्षरांच्या आठच ओळी दिसत. पण कीबोर्ड पूर्ण मापाचा होता. बातमीदार सामना संपताच किंवा सभा आटोपताच बातमी टाइप करीत आणि आतल्या मोडेमने टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत धाडीत. त्या यंत्राच्या कर्त्यांनी पडद्यावर काटकसर केली, बोटांच्या जागेवर केली नाही. लिहिणाऱ्या माणसाची गरज त्यांना कळली होती. म्हणूनच इतक्या तोकड्या पडद्याचे यंत्र लोकांनी वर्षानुवर्षे वापरले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक भाग लहान होत गेले. १९८९ साली तोशिबाने जपानात ए-४ कागदाएवढा, २.७ किलोचा डायनाबुक काढला. हे नाव ॲलन के यांच्या कल्पनेतून आलेले. त्यांनी १९७२ मध्येच लहान मुलांनाही काखोटीला मारून नेता येईल अशा संगणकाचे चित्र मांडले होते. १९९१ च्या ॲपल पॉवरबुकने कीबोर्ड पडद्याच्या बाजूला मागे सरकवला आणि पुढे मनगटे टेकायला जागा सोडली. आज आपल्याला ती इतकी स्वाभाविक वाटते की कुणीतरी विचारपूर्वक सोडली आहे हे लक्षातही येत नाही. दिवसभर टाइप करणाऱ्याच्या मनगटांना विचारा.

यानंतर खरी कोंडी आली, आणि तिच्यामागे साधे गणित आहे. पडद्याचे माप आपण तिरके घेतो. १०.४ इंचांचा त्या काळचा चार-तीन प्रमाणाचा पडदा जेमतेम २१ सेंटीमीटर रुंद असे. पूर्ण मापाच्या कीबोर्डला २८-२९ सेंटीमीटर लागतात. म्हणजे पडद्याएवढे यंत्र करावे तर बोटे अडखळतात, आणि बोटांएवढे करावे तर पडद्याच्या दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. आयबीएममधल्या जॉन कॅरिडिस या अभियंत्याने १९९५ च्या थिंकपॅड ७०१ मध्ये यावर अप्रतिम तोड काढली. त्याने कीबोर्डचे तिरके, पायऱ्यापायऱ्यांचे दोन तुकडे केले. झाकण उघडले की ते एकमेकांलगत सरकत आणि यंत्राच्या दोन्ही कडांबाहेर येऊन जुळत. सुमारे २५ सेंटीमीटरच्या यंत्रातून २९ सेंटीमीटरचा कीबोर्ड निघे. लोकांनी त्याला 'बटरफ्लाय' म्हटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो ठेवलेला आहे. तरी त्याचे आयुष्य फार लहान ठरले. मोठे पडदे परवडू लागले, त्यांच्याबरोबर यंत्राची रुंदी वाढली आणि सरकणाऱ्या कीबोर्डची गरजच संपली. पण त्याच्यामागची निष्ठा मला मोलाची वाटते. बोटांची जागा कमी करायची नाही, बाकी काय करायचे ते करू, अशी ती निष्ठा.

उलटी वाटही त्याच सुमारास चोखाळली गेली. १९९६ चा तोशिबा लिब्रेटो ८४० ग्रॅमचा होता. ६.१ इंचांचा पडदा, आत पूर्ण विंडोज, आणि बटणांमधले अंतर सुमारे १३ मिलिमीटर. हातावर मावणारा संगणक म्हणून त्याचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण त्या अंतरावर दहा बोटांनी टाइप होत नाही, बोटे एकमेकांवर चढतात. १९९७ मध्ये सोनीच्या वायो ५०५ ने मधला मार्ग घेतला. मॅग्नेशियमचे पातळ कवच, १०.४ इंचांचा पडदा, सुमारे १७ मिलिमीटर अंतर. इतक्या कपातीला हात थोड्या सरावाने जमवून घेतो, हे मी वर्गात पाहिले आहे. त्याखाली गेले की वेग घटतो, चुका वाढतात आणि माणूस दोन बोटांवर येतो.

२००७ साली असूसचा ईईई पीसी ७०१ आला आणि छोटा लॅपटॉप प्रथमच स्वस्त झाला. ७ इंचांचा पडदा, वजन ९२० ग्रॅम. पण ८०० गुणिले ४८० ठिपक्यांचा तो पडदा मराठीला फार अपुरा. आपल्या ओळीला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटीला जागा लागते, खाली उकारांना लागते. उंचीच कमी असेल तर ओळी मोजक्या बसतात, आणि अक्षर बारीक केले तर ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखू येत नाही.

कीबोर्डची अडचण आणखी खोल होती. छोट्या यंत्रात पहिली कात्री लागते ती उजव्या कडेच्या बटणांना. इंग्रजीत तिथे अर्धविराम, अवतरणचिन्ह, कंस अशी कधीमधी लागणारी चिन्हे असतात, म्हणून परदेशी रचनाकाराला ती जागा फुकट गेलेली वाटते. भारत सरकारने प्रमाण केलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत मात्र त्याच बटणांवर च, ट, ड आणि य आहेत, आणि एंटरच्या वरच्या बटणावर 'ऑफिस', 'डॉक्टर'मधली कान्यावरची चंद्रकोर आहे. अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे सुटे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, म्हणजे दहा बोटांनी टाइप करणारा उजवी शिफ्ट दाबतो. ईईई पीसी ७०१ वर ही उजवी शिफ्ट चिमुकली होती आणि वर जाणाऱ्या बाणाच्याही पलीकडे बसवलेली. 'आई' लिहायला जावे आणि कर्सरने वरच्या ओळीत उडी मारावी, अशी गत. इंग्रजी लिहिणाऱ्यालाही हे खुपले. २००८ मध्ये पडदे ९ ते १० इंचांवर गेले, आणि जाहिरातींत कीबोर्ड पूर्ण मापाच्या ९२-९३ टक्के आहे असे अभिमानाने छापले जाऊ लागले.

त्याच २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावच्या शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांचा पडदा ७.५ इंचांचा आणि उन्हातही वाचता येणारा. कीबोर्ड रबरी, धूळ-पाणी आत न जाऊ देणारा, बटणे एवढीशी. मोठ्या माणसाला त्यावर लिहिणे कठीण. पण तो मोठ्यांसाठी नव्हताच, प्राथमिक शाळेतल्या हातांसाठी होता. ते माप तिथे अगदी बरोबर होते. छोटे यंत्र चूक नसते. ज्याच्या हातात द्यायचे त्याचा हात न पाहणे ही चूक.

२००८ च्या जानेवारीत ॲपलने मॅकबुक एअर दाखवला. १३.३ इंचांचा पडदा, पूर्ण कीबोर्ड, १.३६ किलो. कपात जाडीत केली, सीडीचा खण काढला, जोडण्या कमी केल्या. २०१० चा ११.६ इंची एअर तर एक किलोच्या थोडा वर आणि तरीही पूर्ण कीबोर्डचा. पडदे रुंदट झाल्यामुळे हे साधले. मग २०१५ चा १२ इंची मॅकबुक आला. ९२० ग्रॅम, बटणांमधले अंतर पुरेसे, पण बटण खाली जाण्याची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर. बटणे अडकू लागली, आणि २०१८ मध्ये ॲपलला अशा कीबोर्डांच्या मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या अखेरीस कंपनी जुन्या धाटणीच्या बटणांकडे परतली. हाताला रुंदी लागते तशी खोलीही लागते.

वजन कमी करायला मात्र बोटांचा बळी द्यावा लागत नाही. फुजित्सूने २०२० मध्ये जपानात १३.३ इंची पडद्याचा लॅपटॉप ६३४ ग्रॅमवर आणला. लिब्रेटोपेक्षा हलका, आणि दहाही बोटांना प्रशस्त जागा देणारा. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगते, वजनात काटकसर करा, जाडीत करा, रुंदीत करू नका. रोज लिहायचे असेल तर १३-१४ इंच निवडा, आणि पडदा सोळा-दहा प्रमाणाचा मिळाला तर घ्या, म्हणजे मराठीच्या दोन ओळी जास्त दिसतात. किलोच्या आकड्यांची तुलना करताना चार्जरही तराजूत घाला. फक्त प्रवासात वाचायचे, पत्राला उत्तर द्यायचे एवढेच काम असेल तर ११ इंचही पुरेल.

आणि दुकानात उभे राहून एक वाक्य टाइप करा: "आत्याने एकदा ठाण्याला छत्री आणि चटई धाडली." त्यात कडेची बटणे येतात, उजवी शिफ्ट येते, जोडाक्षरे येतात. मराठी कीबोर्ड चालू नसेल तर विक्रेत्याला चालू करून द्यायला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. वाक्य खाली न बघता, न अडखळता उमटले तर ते यंत्र तुमच्या हाताचे आहे. उमटले नाही तर ते कितीही देखणे असो, खाली ठेवा आणि शेजारचे उघडा. पुढची चार-पाच वर्षे त्याच्यावर लिहायचे तुम्हाला आहे, विक्रेत्याला नाही.