एल3 वरची बारीक खूण: पेशीतल्या प्रोटीन कारखान्याला ब्रेक लावणारं एन्झाइम

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि देशभर चर्चा सुरू झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

या जिवांचा एक भाईबंद इस्रायल-जॉर्डनच्या सीमेवरच्या मृत समुद्रात राहतो. त्याच्या रायबोझोमच्या मोठ्या भागाची रचना येल विद्यापीठातल्या थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने 2000 मध्ये अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. रायबोझोम म्हणजे पेशीतला प्रोटीन बनवणारा कारखाना. याच विषयातल्या कामासाठी स्टाइट्झ, आदा योनाथ आणि बडोद्यात शिकलेले वेंकी रामकृष्णन यांना 2009 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्या रचनेत एल3 नावाचं एक प्रोटीन आहे. सूक्ष्मजीव असो, ज्वारीचं रोप असो की माणूस, प्रत्येकाच्या रायबोझोममध्ये त्याचं रूप सापडतं. माणसातलं एल3 हे 403 अमिनो आम्लांची साखळी आहे. तिच्यातल्या 245 व्या जागी हिस्टिडिन बसलेलं असतं. त्यावर मेटल18 नावाचं एन्झाइम एक मिथाइल गट चिकटवतं. (इथलं 'मेटल' म्हणजे धातू नव्हे, 'मिथाइलट्रान्सफरेज-लाइक' या लांबलचक नावाचं ते लघुरूप.) मिथाइल गट म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस्स. ही खूण रायबोझोम पूर्ण तयार होण्याआधीच केली जाते.

एवढ्याने काय फरक पडतो?

जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये 'ईलाइफ' नियतकालिकात याचं उत्तर दिलं. साखळीत टायरोसिन हे अमिनो आम्ल जोडायची वेळ आली, की खूण असलेला रायबोझोम जरा थबकतो. मिथाइलमुळे एल3 आणि शेजारच्या आरएनएमधली पकड बदलते, म्हणून हा वेग मंदावतो. मेटल18 नसलेल्या पेशींत हा थांबा उरत नाही.

काम लवकर झालं तर बिघडलं कुठे? दिवाळीला चकली पाडताना सोऱ्या घाईने दाबला, तर वेटोळं नीट बसत नाही, पीठ एकावर एक पडून गोळा होतो. प्रोटीनचंही तसंच आहे. साखळी बाहेर पडता पडताच तिच्या घड्या पडत असतात आणि घडी चुकली की प्रोटीन निकामी होतं. मेटल18 काढलेल्या पेशींत चुकीच्या घडीची प्रोटीन्स एकमेकांना चिकटून गुठळ्या होताना दिसली. या गुठळ्यांत टायरोसिन जास्त असलेली प्रोटीन्स ठळकपणे होती.

प्रोटीनच्या गुठळ्या म्हटलं की अल्झायमर आणि पार्किन्सन आठवतात. पण मेटल18 बिघडल्यामुळे हे आजार होतात, असं या प्रयोगातून सिद्ध झालेलं नाही. तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा होता. त्यामुळे 'स्मृतिभ्रंशाचं एन्झाइम सापडलं' असा मेसेज आला, तर पुढे ढकलू नये.

यीस्टमध्येही असंच एन्झाइम आहे, त्याचं नाव एचपीएम1. तेही एल3 च्या हिस्टिडिनवर खूण करतं, फक्त तिथे जागा 243 वी.