डेलियाच्या काठीची कुळकथा

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे निघालं की पोफळीच्या पुढे अलोरे लागतं. कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याचं, कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं वीजघर इथलं. या पट्ट्यात मृगाचा पाऊस लागला की परसातले डेलियाचे कंद फुटतात आणि श्रावण-भाद्रपदात, गणपतीच्या आगेमागे, फुलं येतात. झाडाशेजारी बांबूची काठी असतेच. ती झाडाची मूळची सोबतीण नव्हे. माणसाने डेलियात जे बदल केले, त्यांतून ती आली.

डेलियाचं मूळ घर मेक्सिकोचा डोंगराळ मुलूख, समुद्रसपाटीपासून साधारण दीड ते तीन हजार मीटर उंचीचा. रानातल्या डेलियाला पाकळ्यांची एकच ओळ असते, बहुधा आठांची. फूल हलकं, देठ ते सहज पेलतो. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेस 1570 च्या दशकात मेक्सिकोत वनस्पतींची नोंद करत हिंडला. त्याच्या नोंदींत ही फुलझाडं सापडतात. पुस्तकरूपात त्या नोंदी रोममध्ये छापून झाल्या त्या 1651 मध्ये.

पुढे 1789 च्या सुमारास मेक्सिको शहरातल्या वनस्पती उद्यानातून बी माद्रिदला गेलं. तिथे धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या काव्हानिय्येस यांनी ते रुजवलं आणि 1791 मध्ये या फुलझाडाला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आन्द्रेआस डाल यांचं नाव दिलं. डाल हे लिनियसचे शिष्य. माद्रिदमध्ये उमललेल्या त्या फुलात पाकळ्यांची एकच ओळ नव्हती, ते अर्धं भरलेलं होतं. म्हणजे युरोपने हात लावण्याआधीच मेक्सिकोतल्या बागांनी या फुलाला घडवायला सुरुवात केली होती. त्या माळ्यांची नावं राहिली नाहीत, पण पहिलं श्रेय त्यांचं आहे.

युरोपात कंद बटाट्यासारखे खाऊनही पाहिले. चव रुचली नाही, फूल मात्र मनात भरलं. बागेतल्या डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण 64. त्यामुळे बियांतून येणारं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. नव्या जाती काढणाऱ्यांना हे वरदानच ठरलं. पाकळ्या दाटल्या, चेंडूसारखी गोल फुलं आली. 1872 मध्ये मेक्सिकोहून हॉलंडला आलेल्या पेटीतला एकच कंद जगला आणि त्यातून टोकदार, वळलेल्या पाकळ्यांचं लाल फूल उमललं. ‘कॅक्टस’ जातींचं घराणं तिथून सुरू झालं. आज 25 सेंटिमीटरहून मोठी फुलं देणाऱ्या जाती आहेत.

फूल असं वाढत गेलं, पण देठ आतून पोकळच राहिला. भरगच्च पाकळ्यांत पावसाचं पाणी साठलं, वर वारा आला, की देठ पेरापाशी मोडतो. काठी आली ती इथे.

कोकणात या झाडाचं एका बाबतीत नशीब उघडलं. मेक्सिकोच्या त्या डोंगरातही पाऊस जूनला सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात ओसरतो आणि पुढे कंद जमिनीत कोरडे निजतात. म्हणजे डेलियाचं मूळ पंचांग आपल्या पंचांगाशी जुळतं. देशावर डेलिया थंडीत फुलवतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं तेही जानेवारीत. कोकणातला डेलिया मात्र पावसाचा. फरक पडतो तो पाण्याच्या मापात. मेक्सिकोच्या डोंगरात हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तर चिपळूण तालुक्यात तीन हजारांहून अधिक. युरोपातला माळी कंद उपटून ठेवतो तो गोठण्याच्या भीतीने. आपल्याला भीती कुजण्याची. म्हणून लावणी सपाट जमिनीत करू नये. जांभ्याच्या मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळून वीतभर उंच वरंबा करावा आणि पाणी निघून जायला चर ठेवावा.

कंद हातात घेऊन नीट पाहावा. खालचा फुगीर भाग म्हणजे नुसता साठा. कोंब फुटतो तो वर, मान जिथे जुन्या खोडाला चिकटलेली असते तिथल्या डोळ्यातून. मान मोडली किंवा डोळा सुटला तर कंद कितीही टपोरा असो, झाड येत नाही.

काठी माणग्याची उत्तम. हा कोकणातला बांबू जवळजवळ भरीव असतो आणि पावसात टिकतो. पाच-सहा फुटांची काठी दीड फूट खोल ठोकावी आणि मगच तिच्या शेजारी कंद ठेवावा. झाड वाढल्यावर ठोकली तर टोक थेट कंदात घुसतं आणि त्या जखमेतून कूज शिरते. बांधायला सुतळी किंवा केळीचं सोपट घ्यावं. आधी काठीला घट्ट गाठ मारावी, मग मधे पीळ देऊन मराठी चारच्या आकड्यासारखा सैल फास खोडाभोवती घ्यावा. पीळ मधे आल्याने खोड काठीवर घासत नाही. दर वीतभर वाढीला नवा बंध द्यावा. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे झाड बसकं आणि फांद्यांचं होतं. मोठं फूल हवं असेल तर टोकाच्या तीन कळ्यांपैकी मधली ठेवून बाजूच्या दोन काढाव्यात.

दसऱ्यानंतर दिवस लहान होतात आणि कंद भरू लागतात. पानं पिवळी पडून खोड वाळलं की कंद काढावेत, माती झाडून सावलीत सुकवावेत आणि कोरड्या रेतीत ठेवावेत. वाटून घेताना प्रत्येक तुकड्याला डोळा राहील असं कापावं.

काठीचा कंटाळा असेल त्यांनी एकेरी पाकळ्यांचा बुटका डेलिया लावावा. तो रानातल्या पूर्वजाच्या जवळचा, आपला भार आपण पेलणारा. पण ताटाएवढं फूल हवं असेल तर आधार देणं हे आपलं कर्तव्यच आहे. तो भार झाडाने मागितलेला नाही, माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून त्याच्या माथी दिला आहे. म्हणून लावणीच्या दिवशी आधी काठी, मग कंद.